बालकांचे दंतारोग्य : उपचारापूर्वी प्रतिबंध

लहान मुलांचे दात किडणे ही आपल्याकडे किरकोळ बाब मानली जाते. दुधाचे दात आज ना उद्या पडणारच, असे म्हणून पालक स्वस्थ राहतात. दाढ ठणकू लागली म्हणजे लवंग धरावयाची आणि ठणका असह्य झाला म्हणजे ती काढून टाकावयाची, एवढाच उपाय पुष्कळ घरांत माहीत असतो. भारतीय दंत परिषदेच्या २००२-०३ च्या राष्ट्रीय पाहणीत ५ वर्षांच्या ५१.९ टक्के व १२ वर्षांच्या ५३.८ टक्के मुलांत दंतक्षय आढळला. निम्म्याहून अधिक मुलांना जडणारा हा रोग केवळ दवाखान्यातील उपचारांनी आटोक्यात येणार नाही. त्यासाठी अंगणवाडी, शाळा व ग्रामपंचायत यांनी पुढाकार घेतला पाहिजे.

कीड कशी लागते?

दातात प्रत्यक्ष किडा नसतो. दातांवर साचणाऱ्या चिकट थरातील जिवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात व ते दाताचे कठीण कवच विरघळविते. लाळेमुळे ही झीज काही अंशी भरून येते. परंतु मूल दिवसभर गोळ्या-बिस्किटे चघळत राहिल्यास तिला तेवढा अवधीच मिळत नाही. म्हणून साखर किती खाल्ली याबरोबरच ती किती वेळा खाल्ली, यालाही महत्त्व आहे.

सहाव्या वर्षाची दाढ

सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या शेवटच्या दाढेमागे पहिली कायमची दाढ येते. त्या जागी कोणताही दात पडलेला नसल्याने पालक तिलाही दुधाचीच समजतात. तिच्यावरील खोल खाचांत अन्नकण अडकतात व ती लवकर किडते. ती एकदा गेली की तिच्या जागी दुसरी येत नाही. मूल पहिलीत येते ते याच वयात. त्यामुळे ही दाढ वाचविण्यात शिक्षकांचा वाटा मोठा आहे.

पाण्यातील फ्लोराइड

अमेरिकेतील ग्रँड रॅपिड्स शहरात दंतक्षय रोखण्यासाठी १९४५ मध्ये नळाच्या पाण्यात अल्प प्रमाणात फ्लोराइड मिसळण्यास प्रारंभ झाला. आपल्याकडे अनेक ठिकाणी प्रश्न नेमका उलट आहे. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांच्या भूजलात मुळातच फ्लोराइड अधिक आहे. असे पाणी बालपणी सतत पोटात गेल्यास दातांवर पांढरे वा तपकिरी डाग पडतात. दीर्घकाळ गेल्यास हाडांवरही परिणाम होतो. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड असावे. दुसरा स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा आहे. पाणी उकळल्याने फ्लोराइड जात नाही. म्हणून ग्रामपंचायतीने विंधनविहिरींच्या पाण्याची प्रयोगशाळेत तपासणी करून घ्यावी व दोष आढळल्यास पिण्यासाठी दुसरा स्रोत उपलब्ध करावा.

शाळा व ग्रामपंचायतीचे कार्य

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथे झाला. या कार्यक्रमानुसार अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा व शाळेतील मुलांची एकदा आरोग्य तपासणी करावयाची असून तीत दंतक्षयाचाही समावेश आहे. तपासणीत दोष आढळलेले मूल पुढे उपचारापर्यंत पोहोचले की नाही, याची नोंद शाळेने ठेवल्यास या तपासणीचे खरे चीज होईल.

मध्यान्ह भोजनानंतर खळखळून चूळ भरणे, रात्री झोपण्यापूर्वी फ्लोराइडयुक्त पेस्टने दात घासणे या सवयी शाळेतूनच लागू शकतात. सहा वर्षांखालील मुलांना वाटाण्याएवढी व तीन वर्षांखालील मुलांना तांदळाच्या दाण्याएवढीच पेस्ट पुरे. घरातील मोठ्यांचे पाहून मुलेही मिसरी लावू लागतात. दंतमंजनात तंबाखू वापरण्यास १९९२ पासून बंदी आहे, हे ग्रामसभेत सांगितले पाहिजे. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूची विक्री होऊ न देणे, हेही ग्रामपंचायतीने पाहावे.

या उपायांना मोठा खर्च लागत नाही. सातत्य मात्र लागते. सहाव्या वर्षी आलेली दाढ साठाव्या वर्षीही भाकरी चावू शकेल, एवढे सामर्थ्य त्या सातत्यात आहे.