वास्ते बाटलीत भरण्याआधी

पावसाळ्यात जव्हार-मोखाड्याच्या बाजारात वास्ते येतात. बांबूचे हे कोवळे कोंब सोलायचे, चिरायचे, उकळून पाणी ओतून द्यायचं. कोंबात सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं, हे न वाचताही इथल्या बायकांना माहीत आहे. हंगाम मात्र थोडक्यात आटोपतो. मग कैरीचं, करवंदांचं लोणचं वर्षभर टिकतं, तर वास्तेही मिठाच्या पाण्यात उकळून बाटलीबंद करावेत, असं एखाद्या बचत गटाच्या मनात येणं साहजिक आहे.

पण थायलंडच्या नान प्रांतात 2006 साली गावच्या उत्सवात असेच घरगुती डबाबंद कोंब वाढले गेले. 209 जण आजारी पडले, 42 जणांना कृत्रिम श्वास द्यावा लागला. डबे तासभर उकळलेले होते!

उकळण्याने भागत नाही, कारण क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या मातीतल्या जंतूचे बीजाणू 100 अंशांनाही तग धरतात. त्यांना मारायला दाबाखालची 121 अंशांची वाफ लागते. जव्हार साडेचारशे मीटर उंचीवर, इथे पाणी साडेअठ्ठ्याण्णव अंशांनाच उकळतं. हवा नसलेल्या, आंबटपणा नसलेल्या बाटलीत हे बीजाणू रुजतात आणि विष तयार करतात. वासाने किंवा चवीने ते कळेलच असं नाही.

कैरी, करवंद, आवळा वाचतात ते आंबटपणामुळे. आम्लता मोजण्याचा पीएच हा आकडा 4.6 किंवा त्याखाली असला, तर हा जंतू वाढत नाही. वास्त्यांचा आकडा त्याहून वर असतो. तेलाचा थर बुरशी अडवतो, पण या जंतूला हवा नकोच असते, म्हणून नुसत्या तेलात बुडवलेला लसूणही धोक्याचा. लसणाच्या लोणच्यात लिंबू पिळायची जुनी रीत मला म्हणूनच फार शहाणपणाची वाटते.

तेव्हा वास्ते ताजे खा, कडक वाळवा, नाहीतर व्हिनेगरमध्ये मुरवून त्यांचं लोणचं करा. विकायचं असेल तर फोडींचा पीएच प्रयोगशाळेतून तपासून घ्या आणि अन्नसुरक्षा नोंदणी करा. घरच्या कुकरवर भिस्त ठेवू नका, तो बाटल्यांसाठी बनलेला नाही.

झाकण फुगलेलं दिसलं तर चाखूनही पाहू नका. खाल्ल्यावर एकाचे दोन दिसू लागले, पापण्या मिटू लागल्या, गिळता येईना, तर भगताकडे वेळ न घालवता थेट रुग्णालय गाठा आणि उरलेली बाटली डॉक्टरांना दाखवा.