घोडं पेंड कुठे खातंय?
(खिशातला ब्राउझर : भाग ४)

मागच्या भागात पेनड्राइव्हवरून चालणारा, म्हणजे पोर्टेबल, फायरफॉक्स तयार केला. तो जळगावात घरी छान चालतो, पण साक्रीच्या ई-सेवा केंद्रातल्या जुन्या पीसीवर नेमका अडतो. महाडीबीटीचा शिष्यवृत्ती अर्ज भरायची मुदत जवळ आलेली असते. अशा वेळी दिसेल ते बटण दाबत बसू नका. आधी घोडं पेंड कुठे खातंय ते पाहा.

पेनड्राइव्हबरोबर येतात ते ब्राउझर, बुकमार्क, पासवर्ड आणि एक्स्टेन्शन. विंडोज, ड्रायव्हर आणि घड्याळ मात्र त्या पीसीचंच. म्हणून पेनड्राइव्ह शेजारच्या पीसीला लावा. तिथे चाललं, तर दोष बहुधा पहिल्या पीसीत. दोन्हीकडे अडलं, तर पेनड्राइव्ह तपासायचा.

ब्राउझर उघडतच नाही. विंडोजची आवृत्ती बघा. मायक्रोसॉफ्टने विंडोज 7 चा आधार 14 जानेवारी 2020 रोजी काढला, तरी ते अजून कुठे कुठे भेटतं. त्यावर चालणारं शेवटचं क्रोम 109, आणि फायरफॉक्स 115 ईएसआर. त्यामुळे 115 ईएसआरची 32-बिट प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. नव्या फायरफॉक्सचं प्रोफाइल तिला देऊ नका. जुनी आवृत्ती ते नाकारते आणि नवं प्रोफाइल मागते. बुकमार्क एचटीएमएल फाइलमधून न्यावेत.

‘ऑलरेडी रनिंग’ असा संदेश येतो. टास्क मॅनेजरमध्ये फायरफॉक्स अजून चालू दिसत असेल, तर तो बंद करा. तरीही संदेश हटला नाही, तर ‘डेटा’ फोल्डरमधल्या ‘प्रोफाइल’मध्ये जाऊन ‘पॅरेंट डॉट लॉक’ ही फाइल काढा. पुढच्या वेळी ‘इजेक्ट’ केल्याशिवाय पेनड्राइव्ह उपसू नका.

पासवर्ड गायब. फायरफॉक्स पासवर्ड आणि ते उघडण्याची किल्ली दोन्ही प्रोफाइलमध्येच ठेवतो, म्हणून ते सोबत येतात. विंडोजवर क्रोमची किल्ली त्या पीसीवरच्या विंडोज खात्याशी बांधलेली असते. पीसी बदलला की पासवर्ड उघडत नाहीत, लॉगिनही सुटतं. हा बिघाड नाही, ती रचनाच तशी आहे.

प्रत्येक साइटवर धोक्याची सूचना. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यातली तारीख वाचा. तिथे 2010 दिसलं, तर मदरबोर्डवरचा बटण सेल संपलाय. साइटचं प्रमाणपत्र ठरावीक तारखांमध्येच वैध असतं. पीसीचं घड्याळ मागे पडलं की ब्राउझर खरं प्रमाणपत्रही नाकारतो. तारीख-वेळ दुरुस्त करा. ‘तरीही पुढे जा’ दाबून अर्ज भरू नका.

थंब घेतला जात नाही. आधारच्या पडताळणीत साइट थेट थंब मशीनशी बोलत नाही. त्याच पीसीवर चालणारी आरडी सर्व्हिस 11100 ते 11120 यांपैकी एका पोर्टवर थांबलेली असते. ब्राउझर तिला विचारतो, ती ठसा घेऊन देते. ही सर्व्हिस त्या पीसीवर अ‍ॅडमिनच्या परवानगीनेच बसते. डिजिटल सहीच्या टोकनचंही तसंच, त्याला ड्रायव्हर लागतो. इथे पेनड्राइव्हचा हट्ट सोडा. केंद्रचालकाला त्याच्याच ब्राउझरमध्ये साइट उघडायला सांगा, काम होईल.

पुढच्या आठवड्यात : परक्या पीसीवर पासवर्ड टाकावा का?