नोंदवहीतील अक्षरे, आलेखातील आकडे

बंगालमधील तागाखालील क्षेत्राचा अंदाज बांधण्यासाठी १९३७ मध्ये प्रा. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी नमुना पाहणीचे काम हाती घेतले. कोलकात्यात १९३१ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे ते संस्थापक होत. गावांच्या नकाशांवर यादृच्छिक पद्धतीने चौकटी निवडायच्या, प्रत्यक्ष तेथे जाऊन तागाखालील जमीन नोंदवायची आणि त्यावरून संपूर्ण प्रदेशाचा अंदाज काढायचा, अशी ही पद्धत होती. नमुना लहान असल्याने येणारी त्रुटी गणिताने मोजता येते. नोंद करणाऱ्याच्या हातून होणारी चूक मात्र तशी मोजता येत नाही. म्हणून एकाच क्षेत्रातून दोन स्वतंत्र उपनमुने घेऊन ते वेगवेगळ्या पथकांकडे सोपविण्याची रीत महालनोबिस यांनी रूढ केली. दोन्ही निष्कर्षांतील तफावतीवरून नोंदींचा भरवसा जोखता येत असे.

पुढे १९५६ मध्ये याच संस्थेत भारतातील पहिला अंकीय संगणक कार्यान्वित झाला. गणन वेगवान झाले, परंतु नोंदीचा प्रश्न मिटला नाही. आज कपाशीतील कामगंध सापळ्यांची नोंद मोबाइलवरून तक्त्यात आणि तेथून आलेखात काही मिनिटांत पोहोचते. या प्रवासात अक्षरांचे आकडे होतात आणि अनेक चुका याच टप्प्यावर शिरतात.

प्रोग्रामला काय दिसते?

आलेख काढण्यासाठी संशोधन संस्थांत वापरला जाणारा 'ग्नूप्लॉट' हा विनामूल्य प्रोग्राम १९८६ पासून विकसित होत आहे. त्याच्या स्क्रिप्टमध्ये अवतरणचिन्हांत लिहिलेला '४' हा आकडा नसून मजकूर असतो. असे '४' आणि '५' टिंबाने जोडले तर '४५' हा मजकूर मिळतो. अधिकचिन्हाने जोडले तर दोहोंचे आकड्यांत रूपांतर होऊन उत्तर ९ येते. त्यामुळे मजकुराचा आकडा करण्याची सोपी युक्ती म्हणजे त्यात शून्य मिळविणे. मात्र मजकुरात इंग्रजी अंक असतील तरच हे रूपांतर होते. देवनागरी '८' आपल्याला आकडा वाटला तरी या प्रोग्रामच्या लेखी ते केवळ अक्षर आहे.

दुसरी खोच भागाकाराची. स्क्रिप्टमध्ये दोन पूर्णांकांचा भागाकार केल्यास उत्तरही पूर्णांकच येते आणि अपूर्णांक गळून पडतो. ३९ भागिले ४ याचे उत्तर ९.७५ ऐवजी ९ मिळते. भाजक ४.० असा लिहिल्यास योग्य उत्तर मिळते.

'नोंद नाही' म्हणजे शून्य नव्हे

सर्वांत मोठा धोका रिकाम्या नोंदीचा आहे. गुलाबी बोंडअळीसाठी सलग तीन रात्री प्रति सापळा ८ पतंग ही आर्थिक नुकसानीची पातळी मानली जाते. समजा, एका शेतातील पाच सापळ्यांपैकी चारांत अनुक्रमे ९, १०, ८ व १२ पतंग सापडले आणि पाचव्यापुढे 'सापळा तुटला' अशी नोंद आहे. या शब्दांच्या जागी शून्य भरले, तर ३९ पतंगांची सरासरी पाच सापळ्यांवर ७.८ येते, म्हणजे पातळीच्या खाली. तुटलेला सापळा वगळला, तर तीच सरासरी ९.७५ होते. सलग तीन रात्री अशीच चूक झाली, तर व्यवस्थापनाचा सल्ला वेळेवर निघणार नाही आणि अळी बोंडात शिरल्यावर फवारणीचा उपयोग फारसा होत नाही.

म्हणून क्षेत्रीय कर्मचाऱ्यांनी व शेतकऱ्यांनी काही पथ्ये पाळावीत. आकड्याच्या रकान्यात केवळ आकडा असावा. 'नग', 'पतंग' असे शब्द शीर्षकात लिहावेत. अंकांची लिपी एकच ठेवावी. '८ ते १०' अशी नोंद टाळून मोजलेला आकडाच लिहावा. सापळा तपासला आणि पतंग आढळला नाही, तरच शून्य लिहावे. सापळा तपासता आला नाही, तर आधी ठरविलेली एकच खूण वापरावी आणि कारण शेऱ्याच्या रकान्यात नोंदवावे. ग्नूप्लॉटमध्ये 'सेट डेटाफाइल मिसिंग' या आज्ञेने ती खूण सांगता येते.

आलेख काढल्यानंतर मूळ नोंदवहीतील चार-पाच नोंदी दुसऱ्या व्यक्तीने आलेखाशी ताडून पाहाव्यात. तागाच्या पाहणीत दोन पथके नेमण्यामागे हाच विचार होता. गावपातळीवर त्यासाठी एक नोंदवही आणि दहा मिनिटे पुरेशी आहेत.