‘जवळजवळ सगळे’ म्हणजे नेमके किती?

हैदराबादमधील नामपल्लीच्या प्रदर्शन मैदानावर सहसा १ जानेवारीला नुमाइश हे प्रदर्शन सुरू होते आणि दीडएक महिना चालते. १९३८ साली पब्लिक गार्डन्समध्ये पन्नासेक दुकानांनिशी भरलेले हे प्रदर्शन १९४६ मध्ये आजच्या मैदानावर आले. फाळणी आणि हैदराबाद संस्थानावरील पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत त्यात खंड पडला. १९४९ मध्ये ते पुन्हा भरले, तेव्हा उद्घाटनाला सी. राजगोपालाचारी होते. पुढे २०२१ मध्ये करोनामुळे ते रद्द करावे लागले. आता हा सगळा इतिहास इंग्रजीत एका वाक्यात बसवायचा आहे. ‘एव्हरी इयर’ लिहिले तर ते खोटे ठरते. ‘मोस्ट इयर्स’ खोटे नाही, पण निम्म्याहून थोडी अधिक वर्षे भरलेल्या प्रदर्शनालाही ते चालले असते, म्हणजे नुमाइशचे सातत्य त्यात हरवते. ‘ऑलमोस्ट एव्हरी इयर’ नेमके बसते. ‘इन ऑल बट अ फ्यू इयर्स’ही चालते आणि मोजक्या वर्षांचा अपवाद आहे हे ते उघड सांगते.

असा काथ्याकूट नामपल्लीत रिकामटेकडा मानला जाणार नाही. तेलंगणा लोकसेवा आयोगाचे प्रतिभा भवन याच भागात आहे. आयोगाच्या ग्रुप-१ मुख्य परीक्षेत सामान्य इंग्रजीचा १५० गुणांचा पेपर असतो. त्याचे गुण निवड यादीत धरत नाहीत, पण त्यात नापास झालेल्याचा पुढे विचार होत नाही. वाक्यातील चुका ओळखणे, वाक्ये नव्याने लिहिणे, सारांश, पत्र असे प्रश्न त्यात येतात. महाराष्ट्रातही एमपीएससीने राज्यसेवा मुख्य परीक्षेसाठी २०२५ पासून वर्णनात्मक पद्धत आणली असून तिथेही इंग्रजीचा पेपर किमान गुणांनी पार करावाच लागतो. पर्यायांपुढचे गोल काळे करण्याची सवय झालेल्या हातांना आता पूर्ण वाक्ये लिहायची आहेत, आणि ‘सगळे’ व ‘जवळजवळ सगळे’ यांच्यातला फरक पूर्ण वाक्यातच उघडा पडतो.

सर्वात फसवी जोडी ‘ऑल बट’. तिचे दोन अर्थ आहेत आणि पुढे काय येते त्यावर ते ठरतात. पुढे संख्या किंवा नाम आले तर अर्थ ‘सोडून’: ‘ऑल बट थ्री स्टॉल्स वेअर ओपन’, म्हणजे तीन दुकाने बंद, बाकी सगळी उघडी. पुढे विशेषण किंवा क्रियापद आले तर अर्थ ‘जवळजवळ’: ‘द ग्राउंड वॉज ऑल बट एम्प्टी’, म्हणजे मैदानात चिटपाखरू नसल्यातच जमा. नुमाइशमध्ये ३० जानेवारी २०१९ च्या रात्री आग लागली होती. त्या आगीत एखादे दुकान ‘ऑल बट डिस्ट्रॉइड’ झाले असे कोणी लिहिले, तर दुकान वाचले असे समजून चालणार नाही. ते जवळपास भस्मसात झाले असा त्याचा अर्थ. याच्या शेजारी ‘एनीथिंग बट’ आणि ‘नथिंग बट’ उभे असतात आणि गोंधळ वाढवतात. ‘एनीथिंग बट एम्प्टी’ म्हणजे अजिबात रिकामे नाही, उलट गजबजलेले. ‘नथिंग बट बँगल्स’ म्हणजे बांगड्यांशिवाय दुसरे काही नाही. ‘बट’ तोच, पण पहिला शब्द बदलला की अर्थ थेट उलटा होऊ शकतो.

मराठीतून विचार करून इंग्रजी लिहिणाऱ्याचा पाय आणखी एका ठिकाणी घसरतो. ‘बहुतेक’ हा आपला शब्द दुहेरी काम करतो. ‘बहुतेक पाहुणे आले’ यात तो संख्या सांगतो, ‘तो बहुतेक उद्या येईल’ यात शक्यता. इंग्रजीने ही कामे वाटून दिली आहेत: संख्येला ‘मोस्ट’, शक्यतेला ‘प्रॉबब्ली’. त्यामुळे ‘मोस्टली ही विल कम टुमॉरो’ हे कार्यालयात रोज ऐकू येणारे वाक्य लेखी इंग्रजीत चूक ठरते. ‘मोस्टली’चा अर्थ ‘मुख्यतः’ किंवा ‘बहुतेक वेळा’. ‘मोस्टली ऑल’ हे जोडकामही असेच. तिथे ‘ऑलमोस्ट ऑल’ हवे. आणि बोलण्यात रुळलेले ‘निअर अबाउट’ लिहिताना सोडून द्यावे आणि ‘निअरली’ किंवा ‘अबाउट’ यांतला एकच शब्द ठेवावा.

नकार आला की घोळ वाढतो. ‘सगळे विद्यार्थी पास झाले नाहीत’ या मराठी वाक्यातून एकही पास झाला नाही की काही नापास झाले, हे बोलणाऱ्याच्या सुरावरून कळते. ‘ऑल द स्टुडंट्स डिड नॉट पास’ असे कागदावर उतरवले की सूर जातो आणि संदिग्धता उरते. काही नापास असतील तर ‘नॉट ऑल द स्टुडंट्स पास्ड’, सगळेच नापास असतील तर ‘नन ऑफ द स्टुडंट्स पास्ड’. जवळपास कोणीच पास नसेल तर ‘हार्डली एनी’ किंवा ‘ऑलमोस्ट नन’. ‘हार्डली’मध्ये नकार आधीच दडलेला असल्याने त्याच्या जोडीला ‘नॉट’ देऊ नये.

व्याकरणाचा हिशेब त्यामानाने सरळ आहे. ‘ऑलमोस्ट एव्हरी’नंतर नाम व क्रियापद एकवचनी. ‘ऑलमोस्ट ऑल’नंतर मोजता येणाऱ्या वस्तू असतील तर अनेकवचन, पाणी किंवा पैसा असेल तर एकवचन. ‘मेजॉरिटी’ माणसांना, मतांना, गावांना लागते. पाण्याच्या किंवा वेळेच्या बाबतीत ‘मोस्ट ऑफ’ बरे.

शब्दाची जागा मात्र जपावी लागते, आणि याचे उत्तम उदाहरण नोटाबंदीने दिले. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी बाद ठरलेल्या पाचशे आणि हजाराच्या नोटांचे मूल्य सुमारे १५.४१ लाख कोटी रुपये होते. त्यांपैकी १५.३१ लाख कोटींच्या, म्हणजे ९९.३ टक्के, नोटा परत आल्याचे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०१८ मधील वार्षिक अहवालात सांगितले. ‘रिसीव्ह्ड ऑलमोस्ट ऑल द नोट्स’ हे त्याचे बिनचूक वर्णन. ‘ऑलमोस्ट’ एक शब्द अलीकडे सरकवून ‘ऑलमोस्ट रिसीव्ह्ड ऑल द नोट्स’ लिहिले, तर नोटा मिळता मिळता राहिल्या असा अर्थ निघू शकतो. बिनचूक वाक्यातही एक गोष्ट झाकलीच जाते: न आलेल्या ०.७ टक्क्यांचे मूल्य १०,७२० कोटी रुपये होते. टक्केवारीत नगण्य दिसणारी रक्कम रुपयांत डोळे विस्फारायला लावते. म्हणून अशा बातमीत ‘ऑलमोस्ट ऑल’च्या शेजारी दोन्ही आकडे हवेत.

कायद्याला तर शब्दावर विसंबून चालतच नाही. वकिली इंग्रजीत ‘संपूर्ण’च्या आसपास वावरणारा लाडका शब्द ‘सब्स्टॅन्शियली’. भारतीय कायद्यात त्याची तीन मापे पाहण्यासारखी आहेत. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १८० नुसार उपक्रमाच्या मूल्याचा २० टक्के किंवा अधिक भाग म्हणजे ‘सब्स्टॅन्शियली द होल’. तेवढा विकायचा तरी भागधारकांचा विशेष ठराव लागतो. प्राप्तिकराच्या २०१४ च्या नियमात सरकारी अनुदान एकूण जमेच्या ५० टक्क्यांवर गेले की शिक्षणसंस्था ‘सब्स्टॅन्शियली फायनान्स्ड’ ठरते. आणि महालेखापरीक्षकांच्या १९७१ च्या कायद्यात त्याच दोन शब्दांसाठी अनुदान किंवा कर्ज किमान २५ लाख रुपये आणि खर्चाच्या किमान ७५ टक्के असावे लागते. शब्दकोश उघडून यातला एकही आकडा सापडणार नाही. भागधारकांच्या संरक्षणासाठी उंबरठा खाली आणला आहे, सरकारी लेखापरीक्षणासाठी वर नेला आहे. शब्द एक, कामानुसार माप वेगळे.

अमेरिकी गुप्तचर संस्थेतील विश्लेषक शर्मन केंट यांना हाच अनुभव १९५१ मध्ये आला. युगोस्लाव्हियावरील संभाव्य हल्ल्याच्या अहवालात ‘सीरियस पॉसिबिलिटी’ असे लिहिले होते. केंट यांच्या मनात हल्ल्याची शक्यता ६५ टक्के होती. सहकाऱ्यांना विचारल्यावर कळले की त्यांची उत्तरे २० पासून ८० टक्क्यांपर्यंत पसरली आहेत, आणि या सर्वांनी मिळून तो मजकूर संमत केला होता! १९६४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात केंट यांनी शब्दांना आकडे बांधून दिले. ‘ऑलमोस्ट सर्टन’ला त्यांनी ९३ टक्के दिले, सहा इकडे किंवा तिकडे. हवामानबदलावरची आंतरराष्ट्रीय समिती, आयपीसीसी, आज हेच करते: तिच्या अहवालांत ‘व्हर्च्युअली सर्टन’ म्हणजे ९९ ते १०० टक्के आणि ‘व्हेरी लाइकली’ म्हणजे ९० ते १००.

परीक्षार्थीला, वार्ताहराला किंवा अर्ज लिहिणाऱ्या कारकुनाला असा तक्ता सोबत ठेवण्याची गरज नाही. लिहिण्याआधी दोन प्रश्न पुरतात: अपवाद किती, आणि मोजतोय काय? दुसरा प्रश्न विसरला की ‘एव्हरी’ हा नि:शंक शब्दही दगा देतो. २८ एप्रिल २०१८ रोजी मणिपूरमधील लेइसांग गावी वीज पोहोचली आणि देशातील प्रत्येक गावाचे विद्युतीकरण झाल्याचे जाहीर करण्यात आले. गावांच्या मोजणीत ते बरोबर होते. सरकारी व्याख्येनुसार मूलभूत यंत्रणा आणि सार्वजनिक जागांतील वीज यांसोबत गावातील किमान १० टक्के घरांत वीज आली, की गाव विद्युतीकृत धरले जाई. घरांसाठीची सौभाग्य योजना सप्टेंबर २०१७ मध्येच सुरू झाली होती आणि तिचे काम तेव्हा बाकी होते. त्या दिवशीच्या इंग्रजी बातमीत ‘एव्हरी व्हिलेज’ लिहिणारा खरे लिहीत होता, ‘एव्हरी होम’ लिहिणारा चुकत होता, आणि ‘ऑलमोस्ट एव्हरी होम’ लिहायचे असेल तर आधी घरांचा आकडा मागून घ्यावा लागला असता.