पास-नापास नसलेली परीक्षा

माझा पुतण्या अमेरिकेत मेडिसिनची रेसिडेन्सी करतो. तिथे १९८८ पासून या शिकाऊ डॉक्टरांची दरवर्षी एक परीक्षा होते. तिच्यात पास-नापास नाही. आपण कशात कच्चे आहोत ते कळावे, एवढाच हेतू. चुकलेल्या प्रश्नांचे विषयही कळवतात. तरी मूत्रपिंडाच्या प्रश्नांत गुण घसरले, तेव्हा पोराने लाजेने आठवडाभर घरी फोन केला नाही! मग चिकाटीने तोच भाग पुन्हा वाचला.

मला एमबीबीएसनंतर कोणी काही विचारलेच नाही. एका रविवारी मीच सोडियमचा धडा काढला. रक्तदाबासाठी लघवी जास्त होणारी गोळी घेणारे आजोबा अचानक गळून गेले, बरळू लागले, तर रक्तातले सोडियम तपासावे, हे मी विसरत चाललो होतो. वाचकहो, घरात असे कोणी असेल तर ‘वय झालंय’ म्हणून थांबू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना गोळ्यांसकट दाखवा.