पावसाळ्यात कुंडीची माती कशी असावी?

वसई-विरारकडे पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. वाडीतल्या रेताड जमिनीत तो मुरतो. दारातल्या कुंडीत मात्र साचतो. मग मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात आणि पाने पिवळी पडतात. पाणी कमी पडले असे समजून घरातले कोणी आणखी एक तांब्या ओतते! श्रावणात तुळस जाते ती बहुधा अशी.

म्हणून माती निचऱ्याची हवी. दोन घमेली वाडीची माती, एक घमेले जाड रेती, एक घमेले पूर्ण कुजलेले शेणखत आणि ओंजळभर निंबोळी पेंड एकत्र कालवावी. माती मुळातच रेताड असल्यास रेती निम्मी पुरे. भातखाचरातली चिकण माती नको. खाडीची किंवा किनाऱ्याची रेती खारट असते. दुसरी मिळतच नसेल तर ती गोणपाटावर पातळ पसरून जोराच्या चार-पाच सरींत धुऊ द्यावी. ताजे शेण मात्र घालूच नये, मुळे भाजतात.

कुंडीच्या भोकावर कौलाचा तुकडा पालथा घालावा आणि कुंडी दोन विटांवर, पागोळ्यांपासून दूर ठेवावी. माती भरून तांब्याभर पाणी ओतावे. थोड्याच वेळात खालून ठिबकू लागले तर ठीक. वरच तुंबून राहिले तर रोप लावण्यापूर्वी आणखी रेती मिसळावी.