पुंगळीच्या बुडावरचं साल

दुसऱ्या महायुद्धातलं रणगाडाभेदी काडतूस हाती आलं की जाणते संग्राहक आधी त्याचं बूड पाहतात. टोपीभोवती ठोकलेल्या अक्षरांवरून कारखाना कळतो, साल कळतं. पण ते साल पुंगळीचं. गोळी, दारू आणि टोपीही त्याच वर्षीची असेल असं धरून चालणारे नवखे हमखास फसतात.

ब्रिटिशांच्या बॉइज रायफलचं काडतूस घ्या. एनफिल्डला ही रायफल घडवणारे कॅप्टन बॉइज १९३७ साली, ती सैन्यात दाखल होण्याच्या जरा आधी वारले. रायफलीला नाव त्यांचंच दिलं गेलं. पुंगळी ९९ मिलिमीटर लांब, बुडाच्या वर जाड कडं. ते कडं दिसलं की निम्मी ओळख पटली. मग तिरप्या उजेडात भिंग धरायचं: ‘के५’, ‘४३’, ‘डब्ल्यू’, रोमन दोन. के५ म्हणजे कायनॉक कंपनीने युद्धकाळात किडरमिन्स्टरजवळ चालवलेला कारखाना, ४३ म्हणजे १९४३, डब्ल्यू म्हणजे चिलखतभेदी, आणि दोन म्हणजे सुधारित दुसरा प्रकार. आपल्याला ‘के’ पाहून खडकी आठवते. पण १८६९पासूनच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याची खूण ‘के’ आणि ‘एफ’, मधे ब्रिटिश सरकारचा बाण. नुसत्या ‘के’वरून खडकीशी नातं जोडू नये.

तो रोमन आकडा फार कामाचा. पहिल्या प्रकारची गोळी सुमारे ६० ग्रॅमची, वेग सेकंदाला ७४७ मीटर. दुसऱ्यात गोळी ४८ ग्रॅमच्या आसपास आणली आणि वेग ८८४ मीटरवर नेला. बुडावर दोन आणि गोळी साठ ग्रॅमची, तर नंतर कुणीतरी जोड लावलेली आहे. ही पडताळणी निकामी, सुट्या केलेल्या नमुन्यावरच करायची. जिवंत काडतूस सापडलं तर हात लावू नये, पोलिसांना कळवावं. आपल्याकडे १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याविना ते बाळगणं गुन्हा आहे.

जर्मन पुंगळीवर खुणा चार जागी: कारखाना, धातू, खेप, साल. कारखान्याचं नाव सांकेतिक अक्षरांत. ‘ए-यू-एक्स’ म्हणजे माग्डेबुर्गचा पोल्टे. जर्मनांच्या ७.९२ मिलिमीटरच्या रणगाडाभेदी गोळीत टंगस्टनच्या गाभ्यामागे अश्रुधुराची इवलीशी गोळी असे. ती इतकी निष्प्रभ ठरली की शत्रूच्या हाती काडतुसं पडून ती उघडली जाईपर्यंत तिचा कुणाला पत्ताच नव्हता. बुडावर तिची काहीच खूण सापडत नाही.

म्हणून मूळ खोका मिळाला तर तो काडतुसाइतकाच जपावा. जर्मन खोक्याच्या चिठ्ठीवर दारू, पुंगळी, गोळी आणि टोपी यांच्या खेपा व सालं वेगवेगळी छापलेली असतात, आणि काडतूस भरल्याचं सालही. पुंगळीला मात्र घासूनपुसून चमक आणू नये. टोपीभोवतीच्या रोगणाचा रंग त्यात निघून जातो, आणि गोळीचा प्रकार ओळखायला तोच लागतो.